घामातल्या मिठाची कुळकथा

ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उन्हाची मोठी लाट आली होती. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद संस्थान भारतात यायला अजून काही आठवडे होते. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये उष्माघातानं गळून गेलेली मुलं एकामागून एक येत होती. तिथल्या डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. ऊन सगळ्या शहराला सारखंच होतं, पण कोसळणाऱ्या मुलांमध्ये एका विशिष्ट आजाराची मुलं फार होती. आज फुप्फुसाच्या आनुवंशिक आजारावर जनुक बदलून उपचार करण्याचं जे संशोधन चाललं आहे, त्याचं कूळ शोधत मागे गेलं की आपण त्या उन्हाळ्यापाशी पोचतो.

त्या आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. याच रुग्णालयात काम करणाऱ्या डोरोथी अँडरसन या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी १९३८ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला होता. शवविच्छेदनाच्या टेबलावर त्यांना अशी लहान मुलं दिसली, ज्यांचं स्वादुपिंड निकामी झालं होतं आणि फुप्फुसं चिकट कफानं भरून गेली होती. तोवर अशी मुलं कधी न्यूमोनियाच्या, कधी अतिसाराच्या, कधी कुपोषणाच्या खात्यावर नोंदली जात होती. विखुरलेल्या नोंदी एकत्र करून हा एकच आजार आहे असं म्हणायला फार बारकाईनं पाहावं लागतं. ते अँडरसनबाईंनी केलं. सुरुवातीला त्यांना हा अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा परिणाम वाटला होता. तो अंदाज टिकला नाही, आजाराची ओळख मात्र टिकली.

१९४८ च्या उन्हाळ्यानं पुढचा धागा हाती दिला. पॉल दि सांत'आग्नेझे यांनी विचारलं की उन्हात हीच मुलं का कोसळतात? १९५३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. या मुलांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी पटीनं जास्त असतं. घाम आला की अंगातलं मीठ वाहून जातं आणि मूल गळून पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या घामाच्या ग्रंथी अगदी निरोगी दिसत होत्या. म्हणजे दोष रचनेत नव्हता, कामात होता. मुलाचा मुका घेतला की खारट लागतो, हे युरोपातल्या आयाबायांना शतकांपासून माहीत होतं आणि असं मूल जगत नाही अशी तिथली लोकसमजूत होती. त्या समजुतीला आता मोजमाप मिळालं.

पण घाम मोजायचा तर तो आधी काढावा लागतो. सुरुवातीला मुलांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून उबेत ठेवत. ते धोक्याचं होतं, त्यात काही मुलं दगावलीही. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गिब्सन आणि कुक यांनी मार्ग काढला. मनगटाजवळच्या एवढ्याशा त्वचेवर पायलोकार्पिन हे औषध लावायचं, अगदी सौम्य विजेच्या प्रवाहानं ते आत सोडायचं आणि तेवढ्याच जागेचा घाम टिपून घ्यायचा. त्या घामात क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त निघालं तर आजाराची दाट शक्यता. सुई नाही, रक्त नाही. इतक्या वर्षांनंतरही निदानाचा आधार हीच चाचणी आहे आणि मला या सगळ्या कथेतला हा सर्वांत मोलाचा शोध वाटतो.

घामाच्या ग्रंथीनंच पुढचं दारही उघडलं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातले पॉल क्विंटन यांनी दाखवलं की दोष क्लोराइडच्या ये-जा करण्यात आहे. पेशीच्या भिंतीतून क्लोराइड जातच नाही, म्हणून त्वचेवर मीठ साचतं आणि फुप्फुसात पाणी कमी पडून कफ घट्ट होतो. क्विंटन यांना स्वतःला हाच आजार होता. १९८९ मध्ये टोरोंटोचे लॅप-ची त्सुई व जॅक रिओर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरचं जनुक शोधलं. ते १४८० अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार करतं आणि तेच क्लोराइडचं दार. पाश्चात्त्य रुग्णांत सर्वाधिक आढळणाऱ्या बिघाडात ५०८ व्या जागचं एकच अमिनो आम्ल गळालेलं असतं. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, काचेच्या बशीतल्या रुग्णाच्या पेशींमध्ये निरोगी जनुक सोडलं आणि त्या पेशींतून क्लोराइड वाहू लागलं.

तेव्हाचा आनंद समजण्यासारखा आहे. फुप्फुस तर श्वासाच्या वाटेवरच आहे. वाफ द्यावी तसं जनुक आत सोडलं की झालं, असं अनेकांना वाटलं. १९९३ मध्ये माणसांवर प्रयोग सुरू झाले. आपल्याला सर्दी देणाऱ्या अॅडेनोव्हायरसमधला रोगाचा भाग काढून त्यात हे जनुक बसवलं आणि रुग्णांच्या नाकात, श्वासनलिकेत सोडलं.

फुप्फुसानं ते मानलं नाही. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट अडवणं, कफात गुंतवणं आणि केसांसारख्या तंतूंनी वर ढकलून देणं हे त्याचं कामच आहे. आजारी फुप्फुसात तर कफाचा थर आणखी दाट. जे विषाणू पेशीपर्यंत पोचले, त्यांना शरीरानं शत्रू म्हणून ओळखलं. दुसऱ्या वेळी तेच औषध दिलं तर ते पोचण्याआधीच नष्ट व्हायचं. श्वासनलिकेच्या पेशी तर सतत गळून नव्या येतात, त्यामुळे एकदा देऊन भागत नाही. पुढे एएव्ही नावाचा अधिक निरुपद्रवी विषाणू वाहक म्हणून निवडला. पण त्याच्या पोटात जेमतेम ४७०० अक्षरांची जागा, आणि या जनुकाचा कामाचा भागच सुमारे ४४५० अक्षरांचा. जनुक चालू करणारी कळ बसवायला जागाच उरत नव्हती. १९९९ मध्ये अमेरिकेत यकृताच्या दुसऱ्या एका आजारासाठी जनुकोपचार घेणाऱ्या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि सगळं क्षेत्रच काही वर्षं थबकलं. ते थबकणं योग्यच होतं, असं माझं मत आहे.

ब्रिटनमध्ये लंडन, ऑक्सफर्ड आणि एडिंबरामधले संशोधक २००१ मध्ये एकत्र आले. त्यांनी विषाणू बाजूला ठेवून चरबीच्या सूक्ष्म थेंबांत जनुक गुंडाळलं आणि नेब्युलायझरमधून महिन्यातून एकदा, वर्षभर दिलं. २०१५ मध्ये निकाल आला. जनुक घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता यांत फरक पडला ३.७ टक्क्यांचा, तोही मुख्यतः घसरण थांबल्यामुळे. आकडा लहान आहे. पण फुप्फुसात जनुक वारंवार देता येतं आणि त्याचा उपयोग होतो, हे पहिल्यांदाच इतक्या काटेकोर चाचणीत सिद्ध झालं. मग याच गटानं लेंटिव्हायरस हा वेगळा विषाणू वाहक म्हणून घेतला आणि त्याच्या अंगावर जपानमधल्या सेंदाई शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विषाणूची प्रथिनं चढवली. सेंदाई विषाणूला उंदरांच्या श्वासनलिकेत शिरायची सवय आहे. तो वाहक आता माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आला आहे.

या सगळ्याचा बीडशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध थेट आहे.

हा गोऱ्यांचा आजार, भारतात नसतोच, अशी समजूत आपल्याकडे फार काळ होती. १९६८ मध्ये चंडीगडहून भारतीय मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तरी ती सहज पुसली गेली नाही. परदेशात स्थायिक भारतीयांवरून केलेले अंदाज १० हजारांत एक ते ४० हजारांत एक असे आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या मराठी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पहिल्या काही दिवसांतच ही शंका तपासली जाते. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या बाळाचं तसं होत नाही. दिवाळीनंतर आईबाप मुकादमाची उचल फेडायला सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात, मूल फडावर वाढतं. सारखा खोकला, छाती भरणं, तुपकट, वास मारणारी शी, वजन न वाढणं. एका गावात न्यूमोनिया म्हणून इंजेक्शन, दुसऱ्या गावात बाळदमा, तिसरीकडे टीबीची शंका. कागद एका जागी राहत नाहीत. वैशाखात परत आल्यावर उन्हानं मूल गळालं तर ऊन लागलं म्हणून सोडून देतात. अँडरसनबाईंनी १९३८ मध्ये ज्या विखुरलेल्या नोंदी गोळा केल्या, तशाच या आहेत.

आनुवंशिकतेचीही एक बाजू आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही नसतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या अनेक समाजांत आहे आणि इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात तिची दखल घेतली आहे. जवळच्या नात्यात तेच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. हे सांगताना कुठल्याही आईबापाला दोषी धरू नये. न दिसणाऱ्या गोष्टीचा दोष कुणाच्या माथी मारता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ट्रायकाफ्टा या गोळ्यांनी तिकडच्या हजारो रुग्णांचं आयुष्य पालटलं. पण ती औषधं प्रामुख्यानं त्या ५०८ व्या जागेच्या बिघाडासाठी घडवलेली आहेत. भारतीय रुग्णांत हा बिघाड पाश्चात्त्यांपेक्षा बराच कमी आढळतो, इथले बिघाड वेगवेगळे आहेत. त्यातून २०१९ मध्ये बाजारात आलं तेव्हा या औषधाची किंमत तिकडे वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास होती. अख्खं निरोगी जनुक आत पोचवणारा उपचार मात्र बिघाड कुठला हे विचारत नाही. म्हणून जनुकोपचाराची ही वाट युरोपातल्या मुलापेक्षा अंबाजोगाईच्या, केजच्या, धारूरच्या मुलासाठी अधिक महत्त्वाची आहे.

या उपचाराच्या वाहकाचा नातेवाईक आपल्या राज्यात आलाही आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून तयार झालेली नेक्सकार-१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात रुग्णाच्या पेशींमध्ये नवं जनुक नेणारा वाहक लेंटिव्हायरसच आहे. परदेशातल्या अशाच उपचाराच्या साधारण दशांश किमतीत तो देता येतो, हे तिनं दाखवलं. मुंबईत हे जमलं, तर फुप्फुसासाठीही जमवता येईल.

पण ज्या मुलाचं निदानच झालं नाही, त्याला कुठल्याही चाचणीत जागा मिळत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी घामाच्या चाचणीचं स्वस्त, देशी तंत्र २००२ मध्येच प्रसिद्ध केलं आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठी नेमलेलं केंद्र आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईत आहे. अशा प्रत्येक महाविद्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात घामाची चाचणी रोजची व्हावी, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे कागद त्यांच्यासोबत फिरावेत, अशी माझी सरकारला विनंती आहे. आणि ज्या आईला आपल्या लेकराचा मुका खारट लागतो, ज्याची छाती वरचेवर भरते, जे खाऊनही वाढत नाही, तिनं हे तसंच्या तसं डॉक्टरांना सांगावं आणि घाम तपासायला सांगावा.