एक विजय आणि चौथा नंबर: १९५६च्या आकड्यांशी थोडी झटापट

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला होता. वाक्य खरं आहे. आणि त्याच्या पाठोपाठ 'सुवर्णकाळ' हा शब्दही ठरल्यासारखा येतो. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच शब्दाभोवती फिरतंय, त्यामुळे गेले काही महिने मी या 'चौथा'कडे जरा संशयाने बघतेय. ज्यांना फुटबॉल फारसा कळत नाही त्यांनीही पुढे वाचा, कारण मुद्दा फुटबॉलचा कमी आणि आकडा वाचायचा जास्त आहे. (आमच्या पहूरला तरी कुठे कळतो! मैदान मोकळं दिसलं की आधी स्टंप रोवले जातात.)

आता सरळ सामने मांडू. १ डिसेंबर १९५६, यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ विजय. ४ डिसेंबर, उपांत्य सामना, युगोस्लाव्हियाकडून १-४ पराभव. ७ डिसेंबर, कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ०-३ पराभव. संपलं. तीन सामने, एक विजय, पाच गोल केले, नऊ खाल्ले. पहिल्या फेरीत हंगेरी होती, पण तिने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. त्या वर्षी बऱ्याच देशांनी माघार घेतली होती. प्रत्यक्षात मैदानात उतरले फक्त ११ संघ. म्हणजे चौथा नंबर ११ पैकी, आणि तिथे पोचायला एक सामना जिंकणं पुरेसं होतं.

हे वाचून कुणाला वाईट वाटेल. मलाही पहिल्यांदा मांडलं तेव्हा बरं वाटलं नव्हतं. पण क्रमांक हा अंश आहे, त्याच्याखाली छेद असतो, आणि इतिहासाच्या लेखनात छेद फार लवकर गळून पडतो. पेटच्या तयारीत आपण 'नमुना' आणि 'समष्टी' यांच्या व्याख्या घोकतो. त्या व्याख्यांचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो. कितव्या नंबरवर आला हे लिहिताना कितींपैकी, कुणाशी खेळून, किती सामन्यांत, हे तीन प्रश्न सोबत ठेवले की अर्धं काम झालं.

आता छेद थोडा मोठा करू. १९४८ ते १९६० या चार ऑलिंपिकमध्ये भारत एकूण आठ सामने खेळला. १९४८ला लंडनमध्ये फ्रान्सकडून १-२. १९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१०. १९५६चे तीन वर आलेच. १९६०ला रोममध्ये हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१ बरोबरी आणि पेरूकडून १-३. बेरीज करा: आठ सामने, एक विजय, एक बरोबरी, सहा पराभव, दहा गोल केले आणि २७ खाल्ले. सुवर्णकाळाचा हा हिशेब.

सरासरी काढली तर सामन्यामागे जवळपास ३.४ गोल खाल्ले. पण थांबा. त्या २७ पैकी दहा एकट्या हेलसिंकीच्या सामन्यातले आहेत. तो सामना बाजूला ठेवला की सात सामन्यांत १७, म्हणजे २.४. एका दुपारने अख्ख्या तपाची सरासरी एका गोलाने वर नेली. म्हणून गोलफरक हा लीगमध्ये कामाचा आकडा आहे, कारण तिथे वीस-तीस सामन्यांत असा एखादा दिवस विरघळून जातो. आठ सामन्यांत तो विरघळत नाही, तो तसाच गठ्ठ्यासारखा राहतो.

याहून मजेशीर तुलना १९५६ आणि १९६० यांची आहे. नोंदीत १९५६ला आपण चौथे, आणि १९६०ला १६ संघांच्या स्पर्धेत गटात तळाला. नुसता क्रमांक वाचणारा म्हणेल की चार वर्षांत संघ घसरला. पण युरोपच्या संघांशी झालेले सामने वेगळे काढा. १९५६: युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया मिळून एक गोल केला, सात खाल्ले. १९६०: हंगेरी आणि फ्रान्स मिळून दोन केले, तीन खाल्ले. यातला फ्रान्सचा संघ हौशी खेळाडूंचा होता, त्यामुळे त्या बरोबरीला मी फार भाव देत नाही. पण हंगेरी? ती रोमहून कांस्यपदक घेऊन गेली, आणि तिच्याकडून भारत एका गोलाने हरला. माझं मत स्पष्ट आहे: रोमचा तळाचा संघ मेलबर्नच्या चौथ्या संघापेक्षा सरस होता. प्रशिक्षक दोन्ही वेळा एकच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. फरक 'ड्रॉ'चा होता. एकदा मोकळी वाट मिळाली, एकदा हंगेरी, फ्रान्स आणि पेरू एकाच गटात आले.

मग मेलबर्नचा तो एक विजय नशिबाचा होता का? इथे घाई करू नका. एका सामन्यावरून उत्तर देता येत नाही, पण स्पर्धा संपल्यावर त्याच डिसेंबरात भारत सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा खेळला आणि ७-१ असा जिंकला. मैत्रीपूर्ण सामना होता, तरी दोन सामन्यांत ११-३ हा गोलांचा हिशेब नशिबाच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. ऑस्ट्रेलियापेक्षा आपण नक्की चांगले होतो. युगोस्लाव्हियाच्या जवळपास होतो असं मात्र यातून निघत नाही. दोन वेगळी विधानं आहेत, आणि 'चौथा नंबर' या एका शब्दात ती एकमेकांत मिसळतात.

गोल कुणी केले हेही बघायला हवं. मेलबर्नच्या पाच गोलांपैकी चार नेव्हिल डिसोझा यांचे: ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक आणि युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीला एक. हो, त्या उपांत्य सामन्यात आधी आघाडी भारतानेच घेतली होती! डिसोझा मुंबईकडून खेळायचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई, आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत संयुक्तपणे पहिले. उरलेला एक गोल किट्टू यांचा. आजच्या विश्लेषकांच्या भाषेत याला एका खेळाडूवरचं अवलंबित्व म्हणतील: ८० टक्के गोल एका माणसाचे. रोममध्ये तीन गोलांपैकी दोन बलराम यांचे, एक पी. के. बॅनर्जी यांचा. टक्केवारी इथेही काढता येते, ६७ आणि ३३, पण तीन गोलांची टक्केवारी काढणं म्हणजे तीन जणांना विचारून गावाचं मत ठरवणं. ज्या आकड्याखाली दहासुद्धा नाहीत त्याला टक्क्याचं चिन्ह लावू नये, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. वरचे ८० टक्के मी मुद्दाम लिहिले. तुम्हाला खटकले असतील तर छान.

आता तुम्ही विचाराल, ताबा किती होता, शॉट किती मारले? मोबाईलवर सामना बघताना हे सगळं पडद्यावर असतं. १९५६साठी माझ्या टेबलावर आहे ते फक्त गोल, खेळाडू आणि मिनिटं. जगात तेव्हा असली मोजणी नुकती सुरू होत होती. इंग्लंडच्या हवाई दलातला चार्ल्स रीप नावाचा हिशेबनीस १८ मार्च १९५० रोजी स्विंडनचा सामना बघायला गेला आणि दुसऱ्या सत्रात कंटाळून वही काढून प्रत्येक पास लिहू लागला. पुढे बरीच वर्षं तो लिहीतच राहिला. १९६८मध्ये बेंजामिन यांच्यासोबत त्याचा लेख रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातून उचललं गेलेलं सार असं: सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात. म्हणून लांब पास मारा, चेंडू खेळवत बसू नका. इंग्लंडमधल्या कित्येक प्रशिक्षकांनी हे डोक्यावर घेतलं.

चूक कुठे आहे ते सापडलं का? रीपच्याच नोंदींत एकूण चालींपैकी ९० टक्क्यांहून जास्त चाली तीन किंवा कमी पासच्या होत्या. आपल्याकडचं उदाहरण घ्या. समजा रावेरच्या रस्त्यावर दहापैकी नऊ ट्रक केळीचे आहेत, आणि अपघात झालेल्या दहा ट्रकांपैकी आठ केळीचे निघाले. बातमी होईल, 'केळीचे ट्रक धोक्याचे'. पण प्रमाण बघितलं तर उरलेल्या दहाव्या भागातल्या ट्रकांनी दोन अपघात केले, म्हणजे धोका त्यांचा जास्त. तसंच लांब चाली संख्येने थोड्या होत्या, पण दर चालीमागे गोल त्यांतून जास्त होत होते. आकडे रीपचेच, निष्कर्ष उलटा. इतकी वर्षं खपून गोळा केलेली माहिती छेद न विचारल्यामुळे वाया जाऊ शकते, हे वाचून मी माझी तक्ता-वही पुन्हा तपासली होती.

हल्लीचा 'एक्सजी', म्हणजे अपेक्षित गोल, हा याच छेदाचा विचार आहे. जागा, अंतर, कोन बघून त्या प्रकारच्या शंभर शॉटपैकी किती गोल होतात ते काढायचं आणि प्रत्येक शॉटला तेवढी किंमत द्यायची. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल. आता १९४८च्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्याकडे परत या. बहुतेक अनवाणी खेळणारा भारत १-२ हरला, आणि त्याच सामन्यात दोन पेनल्टी हुकल्या, एक शैलेन मन्ना यांची आणि एक महाबीर प्रसाद यांची. दोन पेनल्टींची किंमत दीड गोल. दोन्ही हुकण्याची शक्यता सोळात एक. बाकीच्या शॉटचं काहीही माहीत नसताना एवढं तरी म्हणता येतं की १-२ हा निकाल त्या दिवसाच्या खेळापेक्षा भारताला कडक लागला. एक्सजीचं आधुनिक कोष्टक इथे जुन्या काळाला लावताना मी कचरते, कारण पाऊण गोलाचा अंदाज आजच्या बुटांचा आणि आजच्या चेंडूचा आहे. तरी दिशा चुकत नाही.

ताब्याच्या टक्क्याबद्दल एवढंच, की आघाडीवर असलेला संघ बऱ्याचदा चेंडू सोडून देतो, त्यामुळे ६० टक्के ताबा कधी वर्चस्व असतं आणि कधी नुसती धावपळ.

आणि प्रतिस्पर्धी बदलला की सगळे आकडे बदलतात. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये आयएसएलच्या १८ साखळी सामन्यांत ४६ गोल केले आणि त्यावर आशियाई चॅम्पियन्स लीग गाठली. २०२१मध्ये तिथे सहा सामन्यांत गोल झाले दोन. मधल्या काळात संघ आणि प्रशिक्षक बदलले होते हे खरं, पण मुख्य फरक समोर कोण उभं होतं याचा. क्रमांकाचंही तसंच: मुंबई सिटीने २०२२-२३च्या साखळीत २० सामन्यांत ५४ गोल करून ४६ गुण घेतले, आणि उपांत्य फेरीत ३४ गुणांच्या बंगळुरूकडून पेनल्टींवर बाहेर पडली. बाद फेरीचा निकाल आणि संघाची ताकद यांत किती अंतर असू शकतं हे बघायला मेलबर्नपर्यंत जायची गरज नाही.

तर मग सुवर्णकाळ होता की नव्हता? माझ्या मते होता, पण त्याचा पुरावा म्हणून मेलबर्न पुढे करणं चुकीचं आहे. १९५१च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत तीन सामने, सात गोल केले, एकही खाल्ला नाही, सुवर्ण. १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरून सुरुवात, मग तीन सलग विजय, आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१. सुवर्णकाळ म्हणायचं असेल तर तो आशियाचा म्हणा. रोमची हंगेरी आणि जकार्ताची कोरिया हे दोन सामने एकत्र ठेवले की रहीमसाहेबांच्या संघाची उंची दिसते.

छेद अर्थात जकार्तालाही विचारावा लागेल. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवलं होतं, आणि इस्रायल १९५६ आणि १९६० अशा दोन्ही आशिया चषकांत उपविजेता होता. त्यानंतर १९६४च्या आशिया चषकात दोघं समोरासमोर आले, इस्रायलमध्येच. यजमानांनी भारताला २-० हरवलं आणि चषक जिंकला, भारत दुसरा आला. चार संघांत दुसरा. रहीम त्याच्या आदल्या वर्षीच, जून १९६३ मध्ये वारले होते.