वाट चुकू पाहणाऱ्या ख्रिस्ती तरुणांना ‘मेंटॉर’ का लागतो? अकोल्याच्या जुन्या शहरातून समजून घेऊया

समजा, अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारा सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. वडील कामासाठी बाहेरगावी असतात, आई सकाळीच घराबाहेर पडते. दहावीत नापास झाल्यावर त्याने पुन्हा परीक्षा दिलीच नाही. संध्याकाळी मोर्णेच्या पुलाजवळ मित्रांचा अड्डा जमतो. तिथे खर्रा असतो, कधीकधी नशेच्या गोळ्याही येतात. लहानपणी शब्बाथशाळेत पहिल्या रांगेत बसणारा हा मुलगा आता फक्त नाताळला चर्चमध्ये दिसतो.

त्याला ओळखणारे खूप आहेत. ‘अमक्याचा पोरगा बिघडला’ असं म्हणणारेही आहेत. पण ‘या आठवड्यात कुठे होतास?’ असं दर आठवड्याला विचारणारं एकही मोठं माणूस त्याच्या आयुष्यात नाही.

हे विचारणाऱ्या माणसालाच हल्ली ‘मेंटॉर’ म्हणतात. तो नेमकं काय करतो, त्याचा खरंच उपयोग होतो का आणि त्यात धोके कोणते, ते पाहूया.

‘धोक्यात असलेला तरुण’ म्हणजे कोण?

याचा अर्थ गुन्हेगार किंवा वाईट मुलगा असा होत नाही. ज्याच्या आजूबाजूची परिस्थिती त्याला शाळेबाहेर, व्यसनात, हिंसेत किंवा शोषणात ढकलू शकते, तो धोक्यात असलेला. शाळा सुटणं, घरात दारू किंवा मारहाण असणं, आई-वडिलांपैकी कुणी नसणं, पैशांची ओढाताण, मोबाइलवरचा जुगार, एकटेपणा ही त्याची नेहमीची कारणं.

मुलींच्या बाबतीत धोका वेगळ्या रूपात येतो. शिक्षण मध्येच थांबतं, लवकर लग्न लावलं जातं किंवा घरातल्या त्रासाबद्दल बोलायला कुणी उरत नाही. मुलगी अड्ड्यावर दिसत नाही, त्यामुळे ती अडचणीत आहे हे लक्षात यायलाही उशीर होतो.

जुन्या शहरात आणखी एक गोष्ट आहे. मे २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून इथे दंगल उसळली आणि त्यात एकाचा जीव गेला. अशा रात्री रिकामा बसलेला तरुण, तो कुठल्याही धर्माचा असो, नुसतं बघायला म्हणून बाहेर पडतो आणि अडकतो. त्या वेळी त्याला फोन करून ‘घरीच थांब’ म्हणणारं कुणी आहे का, यावर पुढचं बरंच काही ठरू शकतं.

अकोल्यात ख्रिस्ती समाजाची परिस्थिती काय आहे?

अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात काम सुरू केलं. अकोला हे तिचं महत्त्वाचं केंद्र होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडात हजारो मुलं उघड्यावर आणली. तेव्हा मिशनने अनाथ मुलांना अकोल्यात, तर मुलींना खामगावात सांभाळलं. पुढे १९५५ मध्ये कॅथलिक चर्चचा अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला.

म्हणजे अडचणीतल्या मुलांना मोठ्यांनी आधार देणं ही इथे नवी गोष्ट नाही. पण तेव्हाची गरज अन्न, छप्पर आणि शाळा ही होती, आणि ती संस्था भागवत होत्या. आजच्या मुलाला बहुतेक वेळा घर असतं. त्याच्याकडे नसतं ते लक्ष देणारं माणूस, आणि ते काम इमारत करू शकत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. वऱ्हाडात समाज आणखी लहान आहे. लहान समाजाचा फायदा असा की प्रत्येक मूल कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं असतं. तोटा हा की इथे काहीच लपून राहत नाही. एकदा ‘वाया गेला’ असा शिक्का बसला की तो पुसला जात नाही, आणि बोभाटा होईल या भीतीने मुलं मदतही मागत नाहीत.

हे काम पाळकांचं नाही का?

पाळकसाहेब किंवा फादर सगळ्या मंडळीचे असतात. उपासना, लग्नं, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी यातून एकाच मुलाला दर आठवड्याला तास-दोन तास देणं त्यांना जमतंच असं नाही. शिवाय जे मूल चर्चपासून दूर गेलंय, ते पाळकांपुढे बोलायला संकोचतं.

मेंटॉर हा शिक्षक, नर्स, रिक्षाचालक, दुकानदार असा कुणीही असू शकतो. तो एका मुलाचा दादा, काका किंवा मावशी होतो. कॅथलिक परंपरेत बाप्तिस्म्याच्या वेळी नेमलेल्या धर्मपिता-धर्ममातेकडून मूळ अपेक्षा हीच आहे. प्रत्यक्षात ते नातं अनेकदा भेटवस्तूंपुरतं उरतं.

बायबलमध्येही याचं ठळक उदाहरण आहे. प्रवास अर्धवट टाकून परतलेल्या तरुण मार्कला पुन्हा सोबत न्यायला पौलाने नकार दिला. बर्णबाने मात्र त्याला सोबत घेतलं. पुढे पौलानेच, मार्क आपल्याला उपयोगी आहे, असं म्हणून त्याला बोलावून घेतलं. एकदा चुकलेल्यावर दुसऱ्यांदा विश्वास टाकणं हाच मेंटॉरच्या कामाचा गाभा.

महाराष्ट्रातलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात पुढे आलेल्या तरुण त्र्यंबक ठोमरेला, म्हणजेच बालकवींना, टिळकांच्या घराने मायेने सामावून घेतलं. ठोमरे ख्रिस्ती नव्हते. तरीही ते घर त्यांना आपलं वाटलं.

पण याने खरंच फरक पडतो का?

हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी आणि घरातल्या कलहामुळे जी मुलं जास्त धोक्यात होती, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे किमान एका प्रौढाशी घट्ट, भरवशाचं नातं. ते आई-वडीलच असतील असं नव्हतं. कुणाचे आजी-आजोबा होते, कुणाचे शिक्षक, कुणाला चर्चमधलं कुणीतरी होतं.

अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या उपक्रमातल्या १० ते १६ वयोगटातल्या ९५९ मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना सुरुवात करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळलं.

याच माहितीचं २००२ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं, आणि त्यातून निघालेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्यांचं नातं वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलं, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. ज्यांचं तीन महिन्यांतच तुटलं, त्यांचा आत्मविश्वास मात्र आधीपेक्षा घसरला.

थोडक्यात, उत्साहाने सुरू करून अर्ध्यावर सोडण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं. आधीच कुणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातो, तेव्हा तो त्याचा अर्थ ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असा लावतो.

मेंटॉरने प्रत्यक्षात करायचं काय?

उपदेश कमी आणि सोबत जास्त. काही ठोस कामं अशी:

- ठरलेली भेट. आठवड्यातला एक दिवस, एक वेळ. जमणार नसेल तर आधी कळवायचं.
- शिक्षणाची वाट पुन्हा उघडणं. दहावीत नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा देता येते. आधीच शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतो.
- कागदपत्रं. १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. मात्र अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेले ख्रिस्ती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत येतात. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो अनेकदा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात सापडतो, पण शोधायला कुणीतरी सोबत लागतं.
- व्यसन ओळखणं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. व्यसन हा आजार आहे. प्रार्थनेसोबत डॉक्टरही लागतो.
- घराशी बोलणं. मेंटॉर आई-वडिलांची जागा घेत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय सुरुवातच करू नये.

यात धोका कुठे आहे?

मुलाचा विश्वास मिळवलेला प्रौढ त्याचा गैरफायदाही घेऊ शकतो. म्हणून ‘आपल्याच मंडळीतला आहे’ एवढ्यावर कुणाला मेंटॉर नेमू नये.

भेटी चारचौघांना दिसतील अशा जागी व्हाव्यात. मुलींसाठी शक्यतो स्त्री मेंटॉर असावी. पैशांची देवघेव आणि रात्री-अपरात्रीचे खासगी मेसेज टाळावेत. मेंटॉर कुणाला उत्तर देणार, हे आधीच ठरलेलं असावं.

मुलाने सांगितलेलं गुपित जपायचंच, पण त्याला एक मर्यादा आहे आणि ती पहिल्याच भेटीत सांगायला हवी. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते. ‘मंडळीची बदनामी होईल’ ही सबब कायद्यात नाही. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी वर्गातल्या व्यक्तीने त्या संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार तर हा कायदा अधिक गंभीर मानतो.

तसंच, मुलाला नशेचे किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. खर्रा ‘किरकोळ’ वाटत असला तरी अल्पवयीन मुलाच्या हातात तो ठेवणं गुन्हा आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी कायद्यात २१ वर्षांपर्यंत ‘अनुरक्षण’, म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे. पण जो घरातच वाढला, त्याच्यासाठी अठराव्या वाढदिवसानंतर अशी व्यवस्था नाही. शब्बाथशाळा मागे पडलेली असते, तरुण संघात तो रुळलेला नसतो, आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जायची वेळही तेव्हाच येते. मेंटॉरची सगळ्यात जास्त गरज याच तीन-चार वर्षांत असते. गाव सुटलं तरी फोन सुटू नये, इतकं पुरेसं असतं.

पुलाजवळच्या त्या मुलाला फार मोठी योजना लागणार नाही. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला सोबत येणारं आणि निकाल काहीही लागला तरी पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी भेटणारं एक माणूस लागेल. मंडळीने त्याच्यासाठी काही करायचं ठरवलंच, तर पहिला प्रश्न ‘कोण तयार आहे?’ हा नसावा. ‘कोण वर्षभर टिकेल?’ हा असावा.