रेड पोनी, द

रेड पोनी, द : अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक (१९०२–६८) याची लघुकादंबरी. कॅलिफोर्नियातील सॅलिनास परिसरातील एका पशुपालन-मळ्यावर वाढणाऱ्या जॉडी टिफ्लिन या दहा वर्षांच्या मुलाच्या जडणघडणीचे चित्र तीत आहे. स्टाइनबेकचा जन्म सॅलिनास येथेच झाला. अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करीत असताना १९३३ मध्ये त्याने पहिली कथा लिहिली. पहिल्या दोन कथा त्याच वर्षी नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू या नियतकालिकात आल्या. पहिल्या तीन कथांचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. चौथी कथा द लाँग व्हॅली (१९३८) या संग्रहात समाविष्ट झाली आणि १९४५ च्या आवृत्तीत चारही कथा एकत्र आल्या.

पहिल्या कथेत जॉडीला वडिलांकडून तांबड्या रंगाचे एक शिंगरू मिळते. पाऊस येणार नाही, असा निर्वाळा मळ्यावरील अनुभवी गडी बिली बक देतो. मात्र पाऊस येतो, शिंगरू भिजते आणि श्वास कोंडून दगावते. तिसऱ्या कथेत नवे शिंगरू वाचविण्यासाठी बिलीला अडलेली घोडी मारावी लागते. शिंगरू मिळते, पण दिलेला शब्द पाळण्याची किंमत जॉडीला डोळ्यांदेखत पाहावी लागते. वडीलधाऱ्यांचे ज्ञानही अपुरे असते आणि जीवन मृत्यूपासून वेगळे काढता येत नाही, हे त्याला कळते.

उरलेल्या दोन कथांमुळे या व्यक्तिगत अनुभवाला इतिहासाची पार्श्वभूमी लाभते. हितानो हा वृद्ध मेक्सिकन वंशाचा मजूर आपल्या जन्मभूमीत मरण्यासाठी मळ्यावर येतो. जॉडीचे वडील कार्ल त्याला ठेवून घेण्यास नकार देतात आणि निकामी झालेल्या म्हाताऱ्या घोड्याशी त्याची तुलना करतात. हितानो त्याच घोड्यावर बसून डोंगरांत निघून जातो. १८४८ च्या तहान्वये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला. तहात जुन्या रहिवाशांच्या मालमत्तेला संरक्षण दिलेले होते. परंतु १८५१ च्या कायद्यामुळे जमीनधारकांना आपले हक्क सिद्ध करावे लागले आणि लांबलेल्या खटल्यांच्या खर्चात अनेकांच्या जमिनी गेल्या. कथेत या घटनांचा उल्लेख नाही. तथापि टिफ्लिन कुटुंबाच्या मालकीआधीही या भूमीवर कोणाचे तरी घर होते, ही जाणीव हितानोच्या येण्याने जागी होते.

चौथ्या कथेतील आजोबांनी पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या तांड्याचे नेतृत्व केलेले असते. त्याच त्याच आठवणी ऐकून कार्ल कंटाळतात व त्यांचे कठोर शब्द आजोबांच्या कानी पडतात. पुढे सरकणारी सीमारेषा आता उरली नाही, असे १८९० च्या जनगणनेच्या अहवालाने नोंदविले होते. समुद्रापाशी वाट संपली आणि तिच्याबरोबर पुढे जाण्याची ओढही संपली, हे आजोबांचे दुःख आहे. जॉडी त्यांच्यासाठी लिंबाचे सरबत करू लागतो. सुरुवातीला शिंगराच्या मरणाने संतापून गिधाडाला ठार मारणारा मुलगा शेवटी पराभूत वृद्धाचे दुःख ओळखतो. त्याच्या प्रौढत्वाची खरी खूण धाडसात नसून या अनुकंपेत आहे.

निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी ते बहुधा मुलाच्या आकलनाच्या मर्यादेत राहते. भावविवशता टाळून जनावरांची निगा, आजार व प्रसूती यांचे तपशील स्टाइनबेक नेमकेपणाने देतो. ल्यूइस माइलस्टोन दिग्दर्शित चित्रपटाची (१९४९) पटकथा स्टाइनबेकनेच लिहिली, तर संगीत एरन कोपलंड याचे होते. स्टाइनबेकला १९६२ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रेप्स ऑफ रॅथ (१९३९) या कादंबरीत त्याने भूमिहीनांचे स्थलांतर विस्ताराने रंगविले. भूमी कोणाची, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न या छोट्या कृतीत एका मुलाच्या नजरेतून आधीच उमटला होता.