पिस्तूल साफ करताना गोळी का सुटते?

‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी अधूनमधून येतच असते. गाव बदलतं, मजकूर तोच. त्यावर लोकांचं म्हणणंही ठरलेलं : साफ करायच्या आधी गोळ्या काढायच्या, एवढंही कळत नाही का? आपल्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. इथं चार घरं सोडून एखाद्या घरात हत्यार हाताळणारा माणूस असतोच. त्यांच्याबद्दल असं फटकन बोललेलं मला पटत नाही. चूक माणसाकडूनच होते, मान्य. पण ती चूक व्हायला जागा किती ठेवायची, हे पिस्तूल कारखान्यात बनतं तेव्हाच ठरलेलं असतं. पिस्तूल खोलायला सोपं व्हावं म्हणून सव्वाशे वर्षं खटपट चालू आहे, आणि गंमत म्हणजे त्यातल्याच एका फार सोप्या उपायाने ही जागा करून ठेवली.

आधी हत्यार एवढं साफ करावंच का लागतं ते बघू. हिंगोली ही जुनी छावणी. निजामाच्या पैशावर पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमात चालणारी हैदराबाद कंटिंजंट फौज इथं होती. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली आणि छावणी उठली. त्या फौजेचा बराचसा काळ काळ्या दारूचा. काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त वजन राख-काजळी होऊन मागे उरतं, आणि ती काजळी हवेतला ओलावा ओढते. रात्रभर तसंच ठेवलं की नळीला गंज धरलाच. उपाय एकच : उकळतं पाणी ओतायचं, चिंधीने कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा.

पुढे बिनधुराची दारू आली. काजळी कमी झाली, पण काडतुसाच्या बुडातल्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते पेटलं की मागे एक प्रकारचं मीठच उरतं. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते हे काय सांगायचं! तेलाने हे मीठ जात नाही, पाण्यानेच जातं. म्हणून ‘थ्री नॉट थ्री’च्या नळीतसुद्धा नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची शिस्त होती.

रायफलचं तसं बरं असतं. बोल्ट काढला की नळी आरपार दिसते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र नळी, स्प्रिंग, घोडा, सगळं मुठीएवढ्या जागेत कोंबलेलं. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये ढकलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. सांध्यात काजळी-धूळ साचली की स्लाइड अर्ध्यात अडकते आणि माणूस समोरच्यापुढे लोखंडाचा तुकडा धरून उभा राहतो.

सुरुवातीच्या बनवणाऱ्यांना याची फिकीर कमी होती. १८९६ चं जर्मन माउझर घ्या. सगळे भाग कोड्यासारखे एकमेकांत अडकवलेले. स्क्रू एकच, तोही मुठीच्या लाकडी पट्ट्यांचा. कारागिरी बघत राहावी अशी. पण कंदिलाच्या उजेडात शिपायाने ते पूर्ण खोलून परत जोडायचं म्हटलं तर घाम फुटावा.

मग आला जॉन ब्राउनिंग. माणूस अमेरिकेचा, पण त्याची पिस्तुलं बनायची बेल्जियमच्या एफएन कारखान्यात. मराठी माणसाला हे नाव नाशिकमुळे माहीत आहे. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं गुप्तपणे हिंदुस्थानात धाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगमधूनच. (कान्हेरे शिकायला आपल्या औरंगाबादला होता, हे मराठवाड्यातच अनेकांना ठाऊक नसतं.) लष्करातल्या शिपायाच्या मागे शस्त्रागार असतं, आर्मोरर असतो. चोरून पिस्तूल बाळगणाऱ्या पोराच्या मागे कोण? हत्यार दमट कोपऱ्यात दडवायचं आणि वेळेला ते चालायलाच हवं.

ब्राउनिंगचंच कोल्ट १९११ अमेरिकन लष्कराने घेतलं. निवडीच्या वेळी त्यातून सहा हजार गोळ्या झाडून पाहिल्या होत्या. भरवशाचं हत्यार, आणि खोलायला हत्यारपेटी लागत नव्हती. पण नळीच्या तोंडाशी दाबून बसवलेल्या स्प्रिंगवर एक छोटी टोपी असते. खोलताना अंगठा सटकला की टोपी टणकन उडते आणि कुठे जाते ते देव जाणे. रशियात फ्योदोर तोकारेवने १९३० च्या सुमारास वेगळी शक्कल लढवली. घोडा आणि त्याची यंत्रणा एकाच ठोकळ्यात बसवली. स्लाइड काढली की ठोकळा अख्खाच्या अख्खा हातात येतो. बारके भाग हरवायची भीतीच नाही. साध्या शिपायाचा विचार करून केलेलं काम म्हणजे हे.

आता आपल्याकडचं पिस्तूल. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. त्याचं अर्धवट काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये ‘हाय पॉवर’ आलं. मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या, त्या काळी डोळे विस्फारावेत इतक्या. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं, आणि त्याच नमुन्यावरून पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत आपलं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ तयार झालं. अधिकाऱ्यांच्या कमरेला वर्षानुवर्षं दिसलेलं पिस्तूल ते हेच. कोल्टमधली ती उडणारी टोपी यात नाही. स्लाइड मागे ओढून खाचेत अडकवायची, बाजूची एक पिन काढायची, स्लाइड पुढे सरकवून उतरवायची. झालं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे पिस्तूल खोलायची पहिली पायरीच अशी की स्लाइड मागे राहते. म्हणजे चेंबर उघडं. आत गोळी राहिली असेल तर ती बाहेर फेकली जाते किंवा डोळ्यांसमोर येते. शिवाय मॅगझिन बाहेर काढलं की चाप मेलेलाच. दमलेला माणूस एक पायरी विसरला तरी पिस्तूल त्याला सांभाळून घेतं. या मॅगझिनच्या कडीमुळे चाप जड लागतो म्हणून नेमबाज तिला शिव्या घालतात, ते असो.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं. त्यांच्या अटी वाचण्यासारख्या आहेत : साफसफाईसाठी खोलणं-जोडणं कुठल्याही अवजाराविना व्हावं, आणि एकूण भाग ५८ पेक्षा जास्त नसावेत. बाजी मारली गॅस्टन ग्लॉकने. पडद्याचे रॉड आणि सुऱ्या बनवणारा माणूस, पिस्तूल आयुष्यात बनवलेलं नाही. त्याच्या पिस्तुलात भाग फक्त ३४. १९८२ मध्ये ते लष्करात दाखल झालं आणि पुढे जगभरच्या पोलिसांकडे पोचलं. आपल्या एनएसजीकडेही आहे. खोलायला काही सेकंद पुरतात.

फक्त एक अट. स्लाइड उतरवण्याआधी चाप ओढावा लागतो. तोही स्लाइड पुढे, चेंबर बंद असताना.

इथेच ती जागा राहिली. मॅगझिन काढलं, आता पिस्तूल रिकामं, असं मनाने धरलं आणि चेंबरमधली एक गोळी विसरली, की खोलण्याची क्रिया म्हणजेच गोळी झाडण्याची क्रिया. ग्लॉकमध्ये मॅगझिन नसलं तरी चाप चालतो. कंपनीचं उत्तर सरळ : आधी चेंबर तपासा. बरोबरच आहे. पण सोळा तासांच्या बंदोबस्तानंतर रात्री दोन वाजता हत्यार जमा करणाऱ्या शिपायाच्या आठवणीवर सगळा भार टाकणं मला शहाणपणाचं वाटत नाही. इतर कंपन्यांनाही वाटलं नाही. स्मिथ अँड वेसनने २००५ च्या आपल्या पिस्तुलात चाप न ओढता खोलता यावं म्हणून आत एक छोटी तरफ दिली. २०१४ च्या सिग पी-३२० मध्ये पुन्हा तीच जुनी वाट : मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकलेली, तरच खोलायची कळ फिरते. १९३५ ला जे होतं तिथे फिरून यायला एवढी वर्षं लागली!

हे सगळं आज लिहायचं कारण खरेदी. २६/११ नंतर पोलिसांकडच्या जुन्या हत्यारांवर खूप बोललं गेलं. राम प्रधान समितीने दारूगोळ्याअभावी गोळीबाराचा सराव होत नसल्यावर बोट ठेवलं. त्यानंतर नवी हत्यारं आली. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्याबरोबर चार महिन्यांत ‘अस्मि’ ही ९ मिमीची मशीन पिस्तूल उभी केली, २०२१ मध्ये ती लोकांसमोर आली. म्हणजे घडवणारे हात आपल्याकडे आहेत. पण नवं हत्यार आलं की आपल्याकडे किंमत, पल्ला आणि गोळ्यांची संख्या यांचीच चर्चा होते. शिपाई ते खोलणार कसं आणि चुकला तर काय होणार, हे ऑस्ट्रियासारखं लेखी अटीत विचारलं पाहिजे.

दुसरी गोष्ट तर जवळपास फुकटातली. हत्यार रिकामं करताना नळीचं तोंड ज्यात धरायचं ती वाळूची पेटी. चुकून गोळी सुटलीच तर वाळूत जाते, कुणाच्या मांडीत नाही. दसऱ्याला पोलीस ठाण्यांत शस्त्रपूजन होतं, आमदार-खासदार हत्यारांना हळद-कुंकू वाहतात, फोटो येतात. यंदा फोटो झाल्यावर त्यांनी ठाणेदारांना एवढंच विचारावं : साहेब, तुमच्याकडे वाळूची पेटी कुठे ठेवलीय?