क्वागाचं नाव

टिटवीला तिच्या ओरडण्यावरून नाव पडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांनी त्यांच्या माळावरच्या पट्टेदार जनावराचं नावही असंच पाडलं. ते ‘क्वा-हा-हा’ असं काहीसं ओरडे, म्हणून क्वागा. केपमध्ये वस्ती केलेल्या डच शेतकऱ्यांनी शब्द उचलला आणि पट्टे दिसतील त्या सगळ्याच जनावरांना लावून टाकला.

खरा क्वागा म्हणजे रंगाऱ्यानं अर्ध्यात सोडून दिलेलं काम. डोकं आणि मान ठसठशीत पट्ट्यांची, पोटाकडे पट्टे पुसट, मागचा भाग नुसताच तपकिरी, पाय पांढरे. पंडितांचाही त्यामुळे घोळ झाला. लिनियसनं १७५८ मध्ये ‘इक्वस झेब्रा’ असं बारसं केलं ते डोंगरी झेब्र्याचं. त्याच वर्षी जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज चित्रकारानं क्वागाचं चित्र छापलं, ते झेब्र्याची मादी म्हणून! अखेर १७८५ मध्ये डच अभ्यासक पीटर बोडार्टनं त्याला ‘इक्वस क्वागा’ ही स्वतंत्र जात बहाल केली. मैदानी झेब्र्याला १८२४ मध्ये जॉन एडवर्ड ग्रेनं विल्यम बर्चेल या प्रवाशाचं नाव दिलं. १८८२ मध्ये नाव मिळालेला ग्रेव्हीचा झेब्रा मात्र उघडच वेगळा. त्याची गुणसूत्रं ४६, मैदानी झेब्र्याची ४४, डोंगरी झेब्र्याची ३२.

तोवर शिकारीनं क्वागा संपत आला होता. पण ‘क्वागा’ म्हणजे कुठलाही झेब्रा, असाच बोलण्यातला अर्थ असल्यामुळे नेमका कोण संपतोय हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. १२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातली मादी मेली, ती शेवटची. उरल्या पेंढा भरलेल्या जेमतेम २३ कातड्या.

त्यातली एक केप टाउनच्या संग्रहालयात होती, एका शिंगराची. ती भरली होती फारच वाईट. १९६९ मध्ये तिथले कातडीकाम करणारे राइनहोल्ड राऊ यांनी ती उसवून पुन्हा भरायला घेतली, तर आतल्या बाजूला मांसाचे वाळलेले तुकडे चिकटलेले. पहिल्या कारागिरानं कातडी नीट खरवडली असती, तर ते हाती लागलेच नसते. जर्मनीतल्या माइंत्सच्या कातड्यांतही राऊंना असेच तुकडे मिळाले, आणि त्यांतून बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये क्वागाचा डीएनए वाचला. वाचली ती अक्षरं २२९ फक्त. पण नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याची ही पहिलीच वेळ.

या आणि नंतरच्या तपासण्यांतून निघालं ते असं: क्वागा ही वेगळी जातच नव्हे, मैदानी झेब्र्याचीच ती दक्षिणेकडची शाखा. केपच्या शेतकऱ्यांनी दोघांना एकाच नावानं हाक मारली होती, ती काही अगदीच चुकीची नव्हती म्हणायची.

आता दोन नावांची एक जात झाली, तर कुठलं ठेवायचं? प्राणिशास्त्राचा नियम रोखठोक आहे: आधीचं नाव राहतं. बोडार्टचं १७८५ चं, ग्रेचं १८२४ चं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. इथे मेलेल्या भाऊबंदाचं नाव अख्ख्या कुळाला लागलं. आज माळावर चरणारा धडधाकट मैदानी झेब्रा शास्त्राच्या वहीत ‘इक्वस क्वागा’ आहे, आणि गेलेला तो ‘इक्वस क्वागा क्वागा’. बर्चेलसाहेब उरले ‘इक्वस क्वागा बर्चेली’ या नावात, तिसऱ्या जागी, उपजातीपुरते.