माळवदाखालचा उजेड

चैत्राचं ऊन तापू लागलं की मला आमचं औसा तालुक्यातलं माळवदाचं घर आठवतं. उन्हातून आत आलं की क्षणभर काहीच दिसायचं नाही. मग डोळे सरावायचे, आणि आधी दिसायचा तो जमिनीवर पडलेला कवडसा. छपराला एक भोक ठेवलेलं असे, त्याला आम्ही सानं म्हणतो. कवडसा त्यातून उतरायचा. तो रांजणाच्या पुढं सरकला की अम्मा जोहरच्या नमाजसाठी उठायची. घरात घड्याळ नव्हतं.

लातूर-उस्मानाबादकडची घरं अशीच होती. दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. घर किती मोठं, हे खणांत सांगत. आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. काळीनं पिकवायचं आणि पांढरीनं सावली धरायची, असा तो हिशेब. पाऊस कमी, म्हणून मातीचं सपाट छप्पर चालून जाई.

या बांधणीमागं विचार होता. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. सगळ्यात जास्त ऊन भिंतीवर पडत नाही, छपरावर पडतं. म्हणून छप्पर जाड. दिवसाची उष्णता मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोवर माणसं माळवदावर झोपायला गेलेली असत. खिडक्या नसल्यातच जमा. उजेड यायचा तो दारातून आणि सान्यातून. उन्हाळ्यात कवडसा सान्याच्या बरोबर खाली पडे. थंडीत तोच उत्तरेकडं सरकून बारीक होई. वाचण्यापुरता, निवडण्या-टिपण्यापुरता उजेड घरात घ्यायचा आणि बाकीचं ऊन बाहेर ठेवायचं, एवढंच त्यात होतं.

पण या सावलीला वजन होतं. दरवर्षी गळती थांबवायला माळवदावर नवी माती पडे, जुनी कुणी काढत नसे. भिंतीही वरून जाडजूड, पण आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारे आरपार दगड क्वचितच घातलेले.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. ज्या दगड-मातीनं पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं, तीच अंगावर आली. मी तेव्हा लातूरला बी.ए. करत होतो. सकाळी गावी पोचलो, तर आमच्या घराची मागची भिंत गेलेली. खांब-तुळया मात्र उभ्या होत्या. अम्मा अंगणात बसली होती. शेजारच्या घरात कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. 52 गावं नव्या जागी वसली. पत्रे आले, स्लॅब आले, मोठाल्या खिडक्या आल्या. घरं हलकी आणि उजेडाची झाली, आणि तापूही लागली. पातळ स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. नव्या घरात अम्मा दुपारी खिडकीला गोधडी लावून बसायची. म्हणायची, "एवढा उजेड आहे, पण दिवस कुठवर आला ते कळत नाही."

माळवद परत आणा, असं मी म्हणणार नाही. शेजारचं घर मी पाहिलंय. पण आपण वजन टाकताना सावलीही टाकून दिली, ती टाकायची गरज नव्हती. भूकंपानंतर इंजिनिअर लोकांनी सांगितलंच होतं: छपरावरची माती कमी करा, भिंतीत जोडदगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधा. त्याच्या जोडीला स्लॅबवर पांढरा चुना, पश्चिमेला खोल पडवी आणि उत्तरेला उंचावर एक लहान झरोका, एवढं केलं तरी घर निवतं. यातलं काहीच जड नाही.

लातूरच्या माझ्या घराला मी दर फाल्गुनात स्लॅबवर चुना देतो. जिन्याच्या वर उत्तरेला झरोका ठेवलाय. त्यातून कवडसा फारसा येत नाही, नुसता शांत उजेड येतो. अम्मानं शेवटचे दोन उन्हाळे त्याच उजेडात काढले. खिडकीला गोधडी लावायची वेळ तिथं आली नाही.