उतारावरचे इंजिन: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील फेरफारांचा इतिहास

चालत्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांना फिरवण्याऐवजी चाके इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बंद असल्याने पिस्टनना हवा ओढायला जोर पडतो, त्यात घर्षणाची भर पडते आणि गाडीचा वेग आपोआप उतरतो. गिअर जितका खालचा, तितका हा परिणाम जास्त. घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून चालक खालचा गिअर टाकतात तो यासाठीच. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ही सोय मुळातच असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र ती मिळेल की नाही, हे आतल्या एका लहानशा सुट्या भागावर ठरते: एकाच दिशेने पकड घेणाऱ्या वन-वे क्लचवर. अमेरिकेतील गिअरबॉक्स कारागिरांनी पुढे या भागाभोवती अर्धे शतक जी उलाढाल केली, तिची सुरुवात ऑटोमॅटिकच्याही आधी झाली.

1930 मध्ये स्टूडबेकर कंपनीने आपल्या गाड्यांत वन-वे क्लचवर चालणारे फ्रीव्हीलिंग आणले. पॅडल थांबवले तरी सायकल जशी पुढे जात राहते, तशी ॲक्सिलरेटर सोडताच गाडी इंजिनापासून सुटून पळे. पेट्रोल वाचे आणि गिअर बदलणे सोपे जाई. पण उतारावर सगळा भार त्या काळच्या ड्रम ब्रेकवर पडे, आणि ते ब्रेक इतक्या भारासाठी बनवलेले नव्हते. इतर कंपन्यांनीही हे तंत्र उचलले, तरी दशक संपेपर्यंत ते बहुतेक अमेरिकन गाड्यांतून हद्दपार झाले.

ओल्ड्समोबिलने 1940 च्या मॉडेलमध्ये 57 डॉलर जादा घेऊन हायड्रामॅटिक गिअरबॉक्स दिला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक. सिंक्रोमेशचे जनक अर्ल थॉम्पसन यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला होता. त्यात चार गिअर होते आणि वन-वे क्लच एकही नव्हता. प्लॅनेटरी गिअरचे भाग बँड आणि क्लच यांनीच धरले जात, आणि ती पकड दोन्ही दिशांना लागू असे. म्हणून प्रत्येक गिअरमध्ये इंजिन गाडीला आवरत असे. याची किंमत दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना मोजावी लागे. पुढचा गिअरसंच आणि मागचा गिअरसंच एकाच क्षणी उलटसुलट बदलत, आणि त्यांची वेळ किंचित चुकली तरी गाडीला हिसका बसे. 1952 मध्ये त्यात ड्राइव्हच्या दोन जागा आल्या. दुसऱ्या जागेवर गिअरबॉक्स तिसऱ्यातच थांबे. डोंगराळ भागातल्या चालकांना उतारावर ही जागा फार उपयोगाची होती.

हिसका घालवण्यासाठी जनरल मोटर्सने 1956 च्या सुधारित हायड्रामॅटिकमध्ये बँडच्या जागी स्प्रॅग क्लच बसवले. स्प्रॅग हा वन-वे क्लचचाच एक प्रकार. त्याची खुबी अशी की पुढचा गिअर लागला की तो स्वतःहून सुटतो. कोणता भाग केव्हा सोडायचा हे तेलाच्या दाबाला जुळवत बसावे लागत नाही, म्हणून बदल मऊ होतो. पण जो भाग स्वतःहून सुटतो तो ॲक्सिलरेटर सोडल्यावरही सुटतो, आणि इंजिनाचा अटकाव त्याच्याबरोबर जातो. पुढच्या सगळ्या फेरफारांचे मूळ या देवघेवीत आहे.

क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटने 1956 मध्ये आणि जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक 400 ने 1964 मध्ये ही देवघेव वेगवेगळ्या रीतीने सोडवली. दोन्ही तीन गिअरचे, दोन्हींत हॉवर्ड सिम्पसन यांच्या कल्पनेवर उभा असलेला गिअरसंच. तरी चालवताना फरक जाणवतो. टॉर्कफ्लाइटमध्ये दुसरा गिअर बँडने धरलेला असतो, म्हणून ड्राइव्हमध्येही दुसऱ्यात इंजिन ब्रेकिंग मिळते. पहिल्यात वन-वे क्लच काम करतो आणि गाडी सुटी पळते. चालकाने लिव्हर किंवा बटण पहिल्यावर आणले तरच मागचा बँड त्या क्लचच्या जोडीला लागतो. टर्बो 400 मध्ये ड्राइव्हचा दुसरा गिअरही स्प्रॅगवर चालतो. अटकाव हवा असेल तर लिव्हर दुसऱ्यावर आणावा लागतो, तेव्हा कुठे पुढचा बँड लागतो. कारखान्याच्या दृष्टीने ही रचना चोख होती: शहरात मऊपणा, घाटात अटकाव, आणि निवड चालकाच्या हाती. प्रत्यक्षात किती चालकांनी तो लिव्हर कधी हलवला, ही गोष्ट वेगळी.

जनरल मोटर्सच्या दुसऱ्या दोन गिअरबॉक्सनी आणखी निराळी वाट धरली. 1957 च्या शेव्हरोले टर्बोग्लाइडमध्ये उतारासाठी वेगळी जागा होती, आणि 1958 च्या ब्यूइक फ्लाइट पिच डायनाफ्लोमध्ये लिव्हरवर जी हे अक्षर तेवढ्यासाठीच होते. या गिअरबॉक्समध्ये नेहमीच्या अर्थाने खालचा गिअर नव्हताच, म्हणून टॉर्क कन्व्हर्टरमधले, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागातले, तेल घुसळून वेग कमी केला जाई. तेल तापे आणि अटकाव जेमतेम मिळे. दोन्ही गिअरबॉक्स फार काळ टिकले नाहीत.

फेरफाराचा धंदा उभा केला तो कॅलिफोर्नियातील ड्रॅग शर्यतवाल्यांनी. बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांनी 1953 मध्ये बी अँड एम ही कंपनी काढली. जुना ओतीव लोखंडी हायड्रामॅटिक त्यांनी शर्यतीसाठी तयार केला. पुढे टॉर्कफ्लाइट आणि टर्बो 400 साठी मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी निघाल्या. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेलाच्या वाटा आणि झडपा असलेला धातूचा ठोकळा. कोणता गिअर केव्हा लागावा हे इथे ठरते. मॅन्युअल प्रकारात हा निर्णय पूर्णपणे लिव्हरकडे गेला.

आणि लगेच प्रश्न उभा राहिला: इंजिन ब्रेकिंग ठेवायचे की काढायचे? टर्बो 400 च्या मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी आजही दोन्ही प्रकारांत मिळतात. पाव मैलाच्या शर्यतीला ब्रेकिंगविना प्रकार चांगला. तिथे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना स्प्रॅग आपला आपण सुटतो आणि बदल स्वच्छ होतो. वळणदार रस्त्यावर चालवायच्या गाडीला ब्रेकिंगचा प्रकार लागतो; पण मग बँड सुटणे आणि क्लच लागणे यांची वेळ जमवावी लागते, नाहीतर क्षणभर दोन गिअर एकमेकांशी झगडतात आणि क्लचच्या चकत्या झिजतात.

टॉर्कफ्लाइट 727 मध्ये हाच फेरफार सुरक्षिततेचा झाला. टायर धूर काढेपर्यंत फिरवताना चाकांची पकड सुटते-लागते आणि पहिल्या गिअरच्या वन-वे क्लचच्या रोलर्सना हादरे बसतात. तो क्लच फुटला तर पुढचा ड्रम इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरून फुटू शकतो आणि त्याचे तुकडे कवच फोडून बाहेर येतात. म्हणून पहिल्यात मागचा बँड कायम लावून ठेवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडी निघाल्या. तिथे इंजिन ब्रेकिंग केवळ ओघाने आले. खरा हेतू रोलर्स सुटू न देण्याचा होता.

रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसाठी ट्रान्सगो कंपनीच्या गिल यंगर यांचे शिफ्ट किट प्रसिद्ध झाले. त्यात मोजके भाग असत: कडक स्प्रिंगा, नवी सेपरेटर प्लेट किंवा जुन्या प्लेटची भोके मोठी करण्यासाठी ड्रिल. तेलाचा दाब वाढला, क्लच हळुवार लागावा म्हणून दाब झेलणाऱ्या ॲक्युम्युलेटरचा मऊपणा कमी झाला की क्लच पटकन आणि घट्ट लागे. काही किटमुळे लिव्हर खाली ओढताच कोणत्याही वेगात तो गिअर मिळे. कारखान्याच्या व्हॉल्व्ह बॉडीत गाडीचा वेग पुरेसा उतरेपर्यंत पहिला गिअर अडवून धरलेला असतो. पूर्ण मॅन्युअल प्रकारात ही राखण राहत नाही, आणि भरधाव वेगात चुकून पहिला टाकला तर इंजिनाचा वेग धोक्याच्या पलीकडे जातो, ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरतात. घट्टपणाचे कौतुक करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

1990 च्या दशकात हे काम डिझेल पिकअपकडे सरकले. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसल्याने त्याचा नैसर्गिक अटकाव कमी, म्हणून मालक जड ट्रेलर ओढण्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक बसवू लागले. पण तो ब्रेक लावताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसेल तर ओढ तेलातच घसरून जाते. शिवाय डॉज पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब ॲक्सिलरेटरच्या केबलशी जोडलेला होता. पाय काढला की दाब उतरे, आणि नेमका त्याच वेळी क्लचवर मोठा भार येई. म्हणून कारागिरांनी कन्व्हर्टर लॉक करणारा वेगळा स्विच जोडला आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा दाब वाढवला. फोर्डने 1989 च्या ई4ओडी गिअरबॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह बंद करताच लागणारा कोस्ट क्लच आधीच दिला होता.

त्याच 1989 मध्ये क्रायस्लरचा ए604 आला आणि त्याने बँड व वन-वे क्लच दोन्ही काढून टाकले. क्लच सुटण्या-लागण्याची वेळ आता संगणक जुळवू लागला. सुरुवातीच्या गिअरबॉक्सना बिघाडांनी ग्रासले, पण कल्पना टिकली. झेडएफचा 2001 चा सहा गिअरचा आणि पुढे आठ गिअरचा गिअरबॉक्सही फ्रीव्हीलविना बनला. अशा गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला अटकावाची क्षमता असते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो किती जाणवावा हे सॉफ्टवेअर ठरवते. ट्रेलर ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड किंवा उतार ओळखून गिअर उतरवणारी प्रणाली म्हणजे याच ठरावाची रूपे. आजचे फेरफार करणारे ड्रिलऐवजी लॅपटॉप घेऊन बदलाचे वेळापत्रक आणि कन्व्हर्टर लॉकचा वेग बदलतात. जुन्या टर्बो 400 ला मात्र त्याचा उपयोग नाही: तिथे दुसऱ्यात अटकाव हवा असेल तर आजही पुढचा बँडच लावावा लागतो.